पाटण खोऱ्याचा जमाखर्च

पाटण तालुक्यात काय पिकतं, काय तयार होतं आणि काय विकलं जातं, याची यादी सरकारी कागदांत सापडते. भात, नाचणी, भुईमूग, सोयाबीन, ऊस. एक सहकारी साखर कारखाना. कोयनेची वीज. सड्यावरच्या पवनचक्क्या. थोडं दूध, अलीकडे थोडं पर्यटन. यादी खोटी नाही. पण ती वाचून कुणालाही वाटेल की तिथली घरं या गोष्टींवर चालतात. मी त्याच तालुक्यात वाढले, आणि आमच्या वाडीतलं एकही घर यातल्या कशावर पुरतं चाललेलं मला आठवत नाही. आमचं घर मुंबईतल्या मशीद बंदरवर चालत होतं.

सातारा जिल्ह्याचा नैर्ऋत्येकडचा कोपरा म्हणजे पाटण. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. वाटेत तिला केरा, मोरणा, वांग येऊन मिळतात. प्रत्येक नदीचं खोरं वेगळं. ढेबेवाडी खोऱ्यातल्या माणसाला तारळे खोऱ्यातली सोयरीक लांबची वाटते, कारण मधे डोंगर आहे आणि डोंगराला वळसा घालायचा तर अख्खा दिवस जातो. पश्चिमेला नवजाकडे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि पूर्वेला मल्हारपेठेकडे उतरत जावं तसा तो अर्ध्याहूनही कमी होतो. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन जगं आहेत. खाली नदीकाठाला ऊस, विहिरी, ट्रॅक्टर. वर डोंगरात पायरी-पायरीची भातखाचरं आणि उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. मी वरच्या जगाबद्दल लिहिते आहे.

वरच्या जगात पाऊस चार महिने थांबत नाही आणि उरलेले आठ महिने प्यायच्या पाण्याची मारामार. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून तरवा, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा, भाजायचा, पाऊस सुरू झाला की रोप टाकायचं, मग चिखल करून लावण, मग भांगलण, दसरा-दिवाळीला कापणी आणि झोडणी. एवढं करून घरात जे भात येई ते पाच-सहा महिने पुरे. भावकीत वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला खाचराच्या चार पायऱ्या आलेल्या. विकायला काहीच उरायचं नाही. मीठ, तेल, कापड, औषध, लग्न, यात्रा यासाठी रोख पैसा लागतो आणि तो या जमिनीतून निघत नाही, हे आमच्या पणजोबांच्या पिढीलाच कळून चुकलं होतं. ती पिढी मुंबईला गेली.

मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची माणसं होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कशी राहिली हे फारसं सांगितलं जात नाही. आमच्या वाडीची मुंबईत एक खोली होती. कुणा एकाच्या मालकीची नाही, गावकीची. गावातल्या घरटी वर्गणीतून घेतलेली. तिला आमच्याकडे गाळा म्हणतात. एका गाळ्यात इतकी माणसं असत की सगळ्यांना एका वेळी पाठ टेकता येत नसे. रात्रपाळीवाला कामावर गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीवाला झोपे. भिंतीला फळी, फळीवर ओळीने पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकाचा संसार तेवढाच. जेवण खानावळीत. गावाहून नवा पोरगा आला की त्याला कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. गाळ्यात झोपायला जागा, ओळखीच्या मुकादमाकडे काम, पहिला पगार होईपर्यंत खानावळीत उधारी. बँक नव्हती, रोजगार कार्यालय नव्हतं, भाड्याची अनामत नव्हती. ही सगळी कामं गावकीची ती एक खोली करत होती. मला ती खोली आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही संस्थेपेक्षा मोठी वाटते.

वडील माथाडी होते. मशीद बंदरजवळच्या दाणाबंदरात, धान्याच्या बाजारात, पोत्यांची चढ-उतार. पुढे बाजार नव्या मुंबईत गेला तेव्हा तेही वाशी-तुर्भ्याला गेले. पोतं पाठीवर आणि मानेवर घ्यायचं, हातात लोखंडी आकडा. साठीच्या आतच त्यांची मान एका बाजूला वळेनाशी झाली. दर महिन्याला मनीऑर्डर येई. पोस्टमन बांधावरून चालत यायचा आणि त्याच्या येण्यावर वाडीतल्या दुकानाची उधारी, शाळेची फी, दळणाचे पैसे असं सगळं अडलेलं असायचं. मनीऑर्डरच्या कागदाला खाली मजकुरासाठी छोटी जागा असे. वडील त्यात एक-दोन ओळी लिहीत. "तरव्याला खत घेणे. म्हशीचे औषध विसरू नये. पोरीची शाळा चुकवू नये." माझ्या शिक्षणाचा आमच्या घरातला पहिला लेखी ठराव मनीऑर्डरच्या कागदावर झालेला आहे.

या सगळ्याला कायद्याचा आधार मिळाला तो अण्णासाहेब पाटलांमुळे. ते आमच्याच तालुक्यातल्या मंद्रूळकोळ्याचे, ढेबेवाडी खोऱ्यातले. स्वतः मुंबईत हमाली केलेला माणूस. त्यांनी बंदरातल्या, बाजारातल्या, गोदामांतल्या हमालांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची रचना मला आजही फार शहाणी वाटते. हमाल कुणा एका मालकाचा नोकर नसतो. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, आजारपण कोणी बघायचं? कायद्याने यावर तोडगा काढला. मंडळ स्थापायचं, त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. हमालांच्या टोळ्यांची आणि मालकांची मंडळात नोंदणी. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला पगार, निधी, बोनस, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी, औषधपाणी द्यायचं. ज्याला मालकच नाही अशा मजुराला नोकरदाराची सुरक्षितता देणारी ही व्यवस्था. आज घरोघर वस्तू पोचवणाऱ्या पोरांच्या हक्कांची चर्चा होते तेव्हा मला दर वेळी वाटतं, ही वाट महाराष्ट्रात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे, तिच्याकडे कुणी नीट बघत का नाही?

माझं मत असं की पाटण तालुक्याच्या अर्थव्यवस्थेतली विसाव्या शतकातली सर्वांत मोठी घटना धरण नव्हे, हा कायदा आहे. धरणाने वीज दिली ती महाराष्ट्राला. या कायद्याने जो पैसा दिला तो थेट डोंगरातल्या चुलीपर्यंत आला. आमच्या भागात कौलारू घरांच्या जागी विटांची घरं कधी आली हे जुन्या माणसांना विचारलं तर ते पिकाचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात, "बोर्डाचा पैसा निघाला तवा." बोर्ड म्हणजे तेच माथाडी मंडळ.

अण्णासाहेब 23 मार्च 1982 ला गेले. त्याच वर्षी, 18 जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला होता. तो संप कधी मिटलाच नाही. गिरणीत असलेले आमच्याकडचे कितीतरी जण पेट्या घेऊन गावी परतले आणि ओसरीवर बसले. माथाडीतले टिकले, गिरणीतले मोडले, असा तो काळ. एकाच भावकीत एक घर वर चढलं आणि शेजारचं खाली आलं. आमच्या शेजारचे तात्या गिरणीत होते. परतल्यावर त्यांनी म्हैस घेतली, मग विकली, मग कऱ्हाडला हॉटेलात कामाला लागले. त्यांच्या थोरल्याची शाळा त्याच वर्षी सुटली. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण आमच्या वर्गातली किती पोरं त्या एका वर्षात कमी झाली हे मला आठवतं.

आता एक गोष्ट, जी मुंबईच्या कामगारांवर बोलताना निसटते. वडील मुंबईत होते तेव्हा शेती कोण करत होतं? आई. आणि आजी, काकू, वाडीतल्या सगळ्या बाया. नांगरापुरता एखादा गडी मिळायचा, बाकी तरवा, लावण, भांगलण, कापणी, वैरण, म्हैस, पाणी, सरपण हे सगळं बायकांच्या अंगावर. मनीऑर्डरीवर घर चाले असं मी वर लिहिलं, ते रोखीपुरतं खरं. पोटाला लागणारं बरंचसं आईच्या खाचरातून येत होतं. आणि म्हणूनच मुंबईला इतक्या कमी पैशांत माणूस मिळत होता. गिरणीमालकाला किंवा व्यापाऱ्याला एका माणसाच्या खाण्याझोपण्यापुरता पगार देऊन भागत असे, कारण त्याच्या बायकापोरांना डोंगर पोसत होता. आजारी पडला की गावी, म्हातारा झाला की गावी, संप झाला की गावी. मुंबईच्या भरभराटीला आमच्या खोऱ्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुदान दिलेलं आहे आणि त्याची कुठल्याही वहीत नोंद नाही. सातबाऱ्यावरही नाही. आईचं नाव आमच्या जमिनीला लागलं ते वडील गेल्यानंतर, वारस म्हणून. त्या जमिनीत तिची हयात गेली होती.

कोयनेबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण आईचं माहेर त्या पाण्याखाली आहे.

अभियांत्रिकी म्हणून कोयना विलक्षण आहे, हे मी मनापासून म्हणते. मूळ कल्पना सह्याद्रीच्या चणीतून आली. पूर्वेला वाहणारी नदी, आणि तिच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कोकणात कोसळणारा कडा. देशमुखवाडीजवळ नदी अडवली, 103 मीटर उंचीचं धरण बांधलं, आणि पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं. तिथून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीला पुन्हा अडवून अलोऱ्याला दुसऱ्यांदा वीज काढायची. पुढे चौथा टप्पा आला. त्यासाठी 13 मार्च 1999 ला भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला, ते लेक टॅपिंग. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून 1,960 मेगावॅट. संध्याकाळी सगळ्या राज्याचे दिवे एकदम लागतात तेव्हा मागणी झपाट्याने वाढते. कोळशाच्या संचाला तो वेग जमत नाही, पाण्याचा संच काही मिनिटांत सुरू होतो. म्हणून कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात. पश्चिमेला किती पाणी वळवायचं यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, वर्षाला 67.5 टीएमसीची, म्हणजे तितक्या अब्ज घनफुटांची, मर्यादा घातली आहे. वीज करून झालेलं हे पाणी वाशिष्ठीत जातं आणि वाशिष्ठी समुद्राला.

म्हणजे पाणी साठतं साताऱ्यात, मुख्य वीजघरं उभी आहेत रत्नागिरी जिल्ह्यात, दिवे लागतात मुंबई-पुण्यापर्यंत. आणि ज्या गावांवर ते पाणी साठलं ती जवळजवळ शंभर गावं आज नकाशावर नाहीत. आईच्या माणसांना रायगड जिल्ह्यात जमीन दाखवली. डोंगरातली, भातनाचणीची, एकमेकांच्या हाकेवर राहणारी माणसं अनोळखी गावांच्या कडेला नेऊन बसवली. कुणाची जमीन वादात अडकली, कुणाला मिळालीच नाही, काही कुटुंबं परत येऊन जलाशयाच्या काठावर, वरच्या अंगाला राहिली. त्यांची पुढची पिढी नंतर अभयारण्याच्या नियमांत सापडली. पुनर्वसनासाठी डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने केलेली आंदोलनं या शतकातली आहेत. धरणात पाणी साठायला लागलं साठच्या दशकाच्या सुरुवातीला. मधल्या काळात किती माणसं वाट बघत म्हातारी झाली याचा विचार करावा.

मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट. भूकंपात सुमारे 180 माणसं गेली, कोयनानगरची घरं कोसळली. आजी सांगायची, थंडीच्या दिवसांत लोक कित्येक आठवडे घरात झोपायला तयार नव्हते, मळ्यात खोपी करून राहिले. तेव्हापासून आजतागायत या भागात लहानमोठे धक्के बसत आले आहेत आणि जलाशयाशी निगडित भूकंपांच्या अभ्यासात जगभर कोयनेचं नाव घेतलं जातं. आमच्याकडच्या पोरांच्या फायलीत त्यामुळे दोन दाखले जपून ठेवलेले असतात: एक प्रकल्पग्रस्ताचा, एक भूकंपग्रस्ताचा. सरकारी भरतीत त्यांना थोडं समांतर आरक्षण आहे. आजोबांची जमीन गेली आणि घर पडलं, त्याबदल्यात नातवाच्या हाती एक कागद. पोलीसभरतीच्या रांगेत उभा असलेला आमच्याकडचा पोरगा तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरतो. त्यातून नोकरी लागते ती थोड्यांना, पण ज्यांना लागते त्यांचं घर उभं राहतं, म्हणून मी त्या दाखल्याला कमी लेखणार नाही.

पाण्यानंतर वारा. तालुक्याच्या उत्तरेकडचे उंच सडे म्हणजे काळ्या-तांबड्या कातळाची सपाट पठारं. पावसाळ्यात त्यांच्यावर उभं राहवत नाही असा वारा. सडावाघापूरला तर धबधबा खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने उलटा वर उडतो, तो बघायला आता गाड्यांची रांग लागते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शेजारी सातारा तालुक्यात चाळकेवाडीलाही. इतक्या, की देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत त्या भागाचं नाव घेतलं जाऊ लागलं. यामागे वाऱ्याइतकीच कराची सवलत होती. पवनचक्कीवर पैसे गुंतवले की पहिल्याच वर्षी तिचा जवळजवळ सगळा घसारा दाखवून कर वाचवता येत असे. त्यामुळे ज्यांचा विजेशी काही संबंध नव्हता अशा कंपन्याही आमच्या सड्यावर चक्क्यांच्या मालक झाल्या.

सड्यावरच्या जमिनीला तोवर किंमतच नव्हती. पावसाळ्यात गुरं चरायची, कुठे थोडी नाचणी. एजंट आले, एकराचा भाव सांगितला, आणि ज्याने उभ्या जन्मात एवढी रक्कम एकत्र पाहिली नव्हती त्याने अंगठा दिला. एखाद्या भावाने विकली तर बाकीच्यांना ऑफिसात गेल्यावर कळलं, अशी प्रकरणं झाली. त्या पैशातून कुणाची लग्नं झाली, कुणाच्या जीपगाड्या आल्या आणि वर्षा-दोन वर्षांत गेल्या. कामाच्या नावाने राहिली ती चक्कीच्या बुंध्याशी राखणदारी. मला त्या विकणाऱ्यांचा राग येत नाही. जमीन विकण्याऐवजी भाड्याने देता येते, चक्की फिरेल तोवर दर वर्षी हिस्सा मागता येतो, हे त्यांच्या कानावर घालणारं तिथे कुणी नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते समोरच्या बाजूला बसले होते.

खालच्या जगाचं थोडक्यात सांगते. मरळीला, म्हणजे दौलतनगरला, लोकनेते बाळासाहेब देसाई सहकारी साखर कारखाना आहे. कऱ्हाडकडच्या कृष्णा आणि सह्याद्रीच्या मानाने तो लहान, पण कोयनाकाठच्या शेतकऱ्याला हक्काचा. कराड-चिपळूण रस्त्यावर मल्हारपेठ, पाटण असे बाजार. मोरणा, तारळी, वांग या उपनद्यांवर धरणं झाली, त्यांचं पाणी मुख्यतः खालच्या गावांना, आणि विस्थापित पुन्हा वरच्या गावांतले. कराड-चिपळूण रेल्वेबद्दल माझ्या लहानपणापासून ऐकते आहे.

वरच्या जगात मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवीन मालक आला, तो म्हणजे जंगल. कोयना अभयारण्य 1985 चं. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत कोयनेचं रानही आलं. मला हे रान प्रिय आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, कारवीने भरलेले ते उतार नसते तर नदीच नसती. पण गव्यांचा कळप एका रात्रीत खाचर तुडवून जातो, रानडुकरं भुईमुगाची ओळ न्‌ ओळ उकरतात, वानरं परसातलं काही टिकू देत नाहीत. नुकसानभरपाईचा अर्ज असतो, पंचनामा असतो, आणि मिळणारी रक्कम राखणीच्या रात्रींचा हिशेब धरत नाही. आमच्या वाडीत आज निम्म्याहून अधिक खाचरं पडीक आहेत. लोक आळशी झाले म्हणून नव्हे. पेरलेलं घरात येईल याची खात्री नाही, आणि लावणीला वाकणारी माणसं साठीच्या पुढची आहेत.

खाचर पडीक पडलं की ताल, म्हणजे खाचराचा दगडी बांध, ढासळते. दगडाच्या त्या ताली पिढ्यांनी रचल्या, दर उन्हाळ्यात डागडुजी केली, म्हणून पाणी आणि माती उतारावर थोपून राहत होती. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्या रात्री पडलेला पाऊस भयंकर होता आणि अशा पावसापुढे कुठलीही ताल टिकली असती असं मी म्हणणार नाही. पण डोंगर जागेवर राखण्याचं जे काम शेतकरी फुकट करत होता, ते आता कोणी करत नाही, एवढं नक्की.

या सगळ्याची बेरीज मांडायला बसलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या तालुक्यातून पाणी बाहेर जातं, वारा बाहेर जातो, माणसं बाहेर जातात. त्यात पाण्यावाऱ्याच्या बदल्यात परत येतं ते फार थोडं, आणि माणसांच्या बदल्यात जे येतं त्यावरच घरं उभी आहेत. कारण साधं आहे. मजुरीच्या बाबतीत कुणीतरी लढून ठरवून घेतलं की जो उचलतो त्याला दर खेपेला, दर महिन्याला, म्हातारपणापर्यंत मिळालं पाहिजे. पाण्याच्या आणि वाऱ्याच्या बाबतीत एकदाच मोबदला देऊन व्यवहार संपवला.

आणि कायमचा हिस्सा ही काही जगावेगळी मागणी नाही. 2008 च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात प्रकल्प असलेल्या राज्याला 12 टक्के वीज मोफत आणि वर आणखी 1 टक्का स्थानिक विकास निधीसाठी अशी तरतूद आहे. हिमाचलसारख्या डोंगरी राज्यांना तिचं मोल ठाऊक आहे. 2015 पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत, चंद्रपूर-गडचिरोलीत खनिजाच्या स्वामित्वधनाला जोडलेला पैसा खाणीच्या भागासाठी जमा होतो. कोयना या धोरणांच्या कितीतरी आधीची, राज्याच्याच मालकीची, त्यामुळे तिथे हा विचार झाला नाही. आता करायला काय हरकत आहे? कोयनेच्या प्रत्येक युनिटमागे अगदी अल्प रक्कम बाजूला काढून ती पाणलोटातल्या गावांना, ताली दुरुस्त करायला, राखणीच्या कुंपणाला, जांभूळ-करवंद-हिरड्यावर प्रक्रिया करणाऱ्या बचतगटांना, गावातून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याला दिली, तर ते दान होणार नाही. पाणलोट शाबूत राहिला तर धरणात गाळ कमी येतो. ज्यांनी डोंगर राखला त्यांना राखणीची मजुरी मिळेल, एवढंच.

हे आत्ताच लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली गावं मिळून 'नवीन महाबळेश्वर' वसवायची योजना पुढे सरकते आहे. सुरुवातीला त्यात 235 गावं होती. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पाण्यावर बोटी, काठाने रिसॉर्ट, सड्यावर तंबू. पर्यटनाला माझा विरोध नाही. नवजाजवळचा ओझर्डे धबधबा बघायला माणसं येतात तेव्हा भाकरी-पिठल्याचं जेवण देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि तो पैसा त्यांच्या स्वतःच्या हाती पडतो, जे मनीऑर्डरीच्या काळात क्वचित होत असे. मुंबईत खानावळ चालवून आमच्या कितीतरी मावश्यांनी पोरं शिकवली. तेच कसब इथे उपयोगी येईल. पण त्याआधी एजंट पुन्हा फिरू लागले आहेत. या वेळी सड्यावरची नव्हे, पाण्याकडेची आणि रस्त्याकडेची जमीन हवी आहे. पडीक खाचरांचे मालक मुंबईत, कोपरखैरण्यात, घणसोलीत. फोनवर भाव ठरतो.

आमच्या वाडीची बैठक यात्रेच्या दुसऱ्या दिवशी असते, तेव्हा सगळे मुंबईकर गावात असतात. पूर्वी तिथे गाळ्याचा हिशेब होत असे, पालखीचा खर्च ठरे. या वर्षी जमिनीचा विषय निघणार आहे. बायकांनी त्या बैठकीत बोलायची आमच्याकडे फारशी रीत नाही, पण सातबाऱ्यावर आता आईचं आणि माझं नाव आहे, त्यामुळे मी बोलणार आहे. माझं म्हणणं तीन वाक्यांचं आहे. कुणीही एकट्याने विकायची नाही. द्यायची तर ठरावीक वर्षांच्या भाडेकराराने, भावकीने मिळून, वकिलाला कागद दाखवून. आणि त्या भाड्यातला एक हिस्सा गाळ्याच्या जुन्या खात्यात जमा करायचा आणि त्यातून दर उन्हाळ्यात ताली बांधून घ्यायच्या, गावात राहून राबणाऱ्या माणसांना रोजची मजुरी देऊन.